बोलते कोन अन् हालते कोन

"हालू नोको."

बाई वाकलेल्या असायच्या. डोळे मिटलेले, डावा हात वर धरलेला, म्हणजे खोलीतल्या बाकीच्यांनी श्वासही बेतानं घ्यायचा. उजव्या हातात अ‍ॅल्युमिनियमची ती तुतारीसारखी नळी. तिचं एक टोक बाईंच्या कानाला आणि दुसरं, तुम्ही म्हणाल, गर्भार बाईच्या पोटावर. सकाळी दवाखान्यात पाहिलं असतंत तर तुमचं म्हणणं बरोबर होतं. पण दुपारी, दवाखाना बंद झाल्यावर त्यांच्या क्वार्टरमध्ये डोकावला असतात, तर ते दुसरं टोक एका लाकडी पेटीला लावलेलं दिसलं असतं. शब्द मात्र तेच आणि सूरही तोच. "हालू नोको म्हटलं ना तुले."

बायका ऐकायच्या. पेटी ऐकायची नाही.

मी तेव्हा लाखनीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. मूळचा सातारकडचा. बाई तिथल्या नर्स, सगळा गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचा. आमची क्वार्टरं एकाला एक लागून होती, मधली भिंत एकच. त्यामुळे बाईंच्या खोलीतली पेटी हलली की माझ्या फळीवरचे स्टीलचे पेले किणकिणायचे. सुरुवातीला मला वाटायचं, हायवेवरून ट्रक जातोय. लाखनीत ट्रक जातच असतात, म्हणून बरेच दिवस मी त्याकडे लक्ष दिलं नाही. मग एकदा रस्ता अगदी मोकळा असताना पेले वाजले आणि मी पलीकडे जाऊन विचारलं, "बाई, काय चाललंय?"

"तुमीच सांगा कंपाउंडरजी," त्या म्हणाल्या. "तुमी शिकले-सवरले. या पेटीत बोलते कोन अन् हालते कोन?"

मी पेटीकडे पाहिलं. आमच्याकडे औषधांची जी खोकी यायची, त्यांच्या पातळ फळ्या ठोकून सुतारानं ती बनवली होती. एका बाजूला 'उलटे ठेवू नये' असं छापलेलं अजून वाचता येत होतं, आणि ते उलटं होतं. समोरच्या फळीला गोल भोक पाडून त्यात स्पीकर बसवलेला. शेजारी स्टुलावर एक जुना टेपरेकॉर्डर. मला प्रश्नच कळला नाही. बोलतो तो स्पीकर, हलते ती पेटी, यात विचारण्यासारखं काय आहे? मी तसं म्हटलंही.

"हो, पर बोलनाऱ्यानं बोलावं ना," बाई म्हणाल्या. "घरानं कायले मंधात बोलाव लागते?"

ही पेटी आली कशी, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे गोंधळाल.

बाईंना एक धाकटा भाऊ होता. आईवडील लवकर गेले, पवनीकडच्या कोंढ्याला होतं नव्हतं ते घर मिटलं, आणि नोकरी लागल्यावर बाईंनी या भावाला आपल्याजवळ आणून वाढवलं. त्याच्यापायी लग्न राहिलं असं गावातल्या बायका म्हणायच्या. बाई स्वतः त्यावर काही बोलायच्या नाहीत. पोरगा शाळेत रमला नाही, शेतीत रमला नाही, दिवसभर हायवेवरच्या ट्रकवाल्यांत असायचा. एक दिवस बहीणभावांत काही बोलणं झालं आणि तो एका ट्रकवर चढून गेला. काय बोलणं झालं ते कोणाला ठाऊक नव्हतं. मी लाखनीला येण्याच्या आधीची ही गोष्ट.

त्यानंतर बरीच वर्षं त्याचा पत्ता नाही. आणि मग एके दिवशी एक सरदारजी ड्रायव्हर दवाखान्याच्या पायरीशी गाडी उभी करून आत आला, मला वाटलं पोट दुखतंय. त्यानं खिशातून एक कॅसेट काढली.

"सिस्टरजी कौन हैं? उनके भाई ने भेजी है।"

बाईंच्या हातात तेव्हा इंजेक्शनची सुई होती. ती त्यांनी आधी पेशंटला नीट टोचली, कापूस लावला, हात धुतले आणि मग कॅसेट घेतली. "कहाँ है वो?" त्यांनी विचारलं. सरदारजीला ठाऊक नव्हतं. त्याला ती दुसऱ्या ड्रायव्हरनं दिली होती, त्याला तिसऱ्यानं. रायपूरच्या पलीकडे कुठंतरी एवढंच तो सांगू शकला. चहासुद्धा न घेता तो गेला.

कॅसेट गाण्यांची होती. एका गाण्याच्या मधोमध खट्ट असा आवाज यायचा, मग मोठी घरघर, आणि त्या घरघरीत बुडालेला एक जाड, खालच्या पट्टीतला आवाज. "बाई, मी..." पुढे काहीतरी, मग "...ऊन राहिलो. फिकर नोको करू." पुन्हा खट्ट. पुन्हा गाणं, जिथं तुटलं होतं त्याच्या पुढून.

बस. इतकंच.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते चक्क समजलं. "येऊन राहिलो," मी म्हटलं. "बाई, म्हणजे तो इथं येऊन राहून गेला? कधी? तुम्ही कुठं होतात?"

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. आमच्या सातारकडं येऊन राहिलो म्हणजे आलो आणि मुक्काम केला. इकडे येऊन राहिलो म्हणजे येतोय, वाटेवर आहे. नोकरीत नवा असताना डॉक्टरांनी एकदा निरोप पाठवला होता, "मी जेवून राहिलो, थांबा." मी समजलो, साहेबांचं जेवण झालं, आणि सरळ त्यांच्या ताटापुढे जाऊन उभा राहिलो होतो. तरी चुका करायचं काही सुटत नव्हतं. बाईंनी मला समजावलं, आणि मग खरा प्रश्न सांगितला. "येऊन म्हनते का जाऊन म्हनते, हे सांगा. येऊन राहिलो का जाऊन राहिलो."

पुन्हा लावली. आणि माझी खात्री उडाली. शब्दाची शेपटी स्वच्छ होती, पण तोंडच घरघरीत गेलं होतं. एकदा ऐकलं तर ये, दुसऱ्यांदा ऐकलं तर जा.

आता हे नुसतं कुतूहल असतं तर सोडून देता आलं असतं. पण त्याच सुमाराला बाईंना बढती मिळत होती. बढती घेतली तर बदली, आणि बदली म्हणजे पार गोंदियाच्या पलीकडे, जंगलाच्या काठी. भाऊ येणार असेल तर तो याच क्वार्टरच्या दारात येणार, त्याला दुसरं दार ठाऊक नव्हतं. जाणार असेल, दूर कुठंतरी कायमचा, तर मग बाईंनी इथं बसून काय करायचं? डॉक्टर भले होते, त्यांनी वरच्यांना थोपवून धरलं होतं. पण ते किती थोपवणार? "बाई, काय ते ठरवा," ते जाता-येता म्हणायचे. आणि बाई म्हणायच्या, "पेटीचं होऊ द्या जी."

टेपरेकॉर्डरच्या स्वतःच्या बारक्या स्पीकरमधून तो जाड आवाज येतच नव्हता, नुसती सळसळ यायची. म्हणून बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं हा मोठा स्पीकर दिला होता. कुठल्याशा मंडपवाल्याकडचा होता तो. त्यातून आवाज यायचा, पण घरघर सुरू झाली की त्या पातळ फळ्या अशा थरथरायच्या की पेटीच गुरगुरायला लागायची. नळीनं थेट स्पीकर ऐकूनही पाहिला बाईंनी. "नुसतं धडधड करते," त्या म्हणाल्या, "जुळं असल्यावानी." कानाला लावून ऐकायचं यंत्र आमच्यापैकी कोणी तेव्हा पाहिलेलं नव्हतं. तेव्हा पेटी गप्प करायची, हाच एक मार्ग राहिला.

पहिल्यांदा वर वीट ठेवली. मग वीट वाजायला लागली. विटेखाली गोधडीचा तुकडा घातला. मग वीट थांबली आणि पेटीखालचं स्टूल वाजायला लागलं. स्टुलाच्या आणि पेटीच्या मधे मी इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं लावून दिली, माझ्याकडे रिकाम्या बाटल्यांना तोटा नव्हता. त्यानं माझे पेले किणकिणायचे थांबले, म्हणजे माझं काम झालं. बाईंचं नाही झालं. पेटीच्या एका अंगावर हात दाबला की थरथर दुसऱ्या अंगाला जायची. डॉक्टर एकदा बघायला आले, त्यांनी पेटीवर हात ठेवला, इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाले, "वात आहे." आणि निघून गेले. ते थट्टा करत होते की नाही हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

रेडिओवाल्याचं मत, पेटीत हवा कोंडते, मागं भोक पाडा. सुताराचं मत, भोकं पाडूनच पेटी कमजोर झाली आहे, आहे तेही बुजवा. दोघं एकमेकांसमोर उभे राहून बोलायचे आणि दोघांचंही मला पटायचं. रेडिओवाला येऊनवाला होता, सुतार जाऊनवाला. पेटी बाजूला राहायची आणि यांचं सुरू व्हायचं.

"साफ ये म्हनते थो. तुमच्या कानात भुसा गेला."

"अन् तुमच्या कानात रेडिओ. जा हाय थो, जा."

दवाखान्यात तपासायला आलेल्या बायकांनाही बाई आत नेऊन ऐकवायच्या. त्या पदर सावरून, पायऱ्यांवर चपला काढून, देवाला आल्यासारख्या यायच्या. आंधळगावची एक म्हातारी तर सुनेला तपासायला घेऊन आली आणि सुनेला विसरून तिथंच बसली. मला वाटायला लागलं होतं, ज्याचं माणूस बाहेरगावी आहे त्याला येऊन ऐकू येतं. मोठा शोध लागल्यासारखं मी ते बाईंना सांगितलं. तेव्हा बाईंनी आठवण करून दिली की सुताराचाच पोरगा नागपुरात आहे आणि तो जाऊन म्हणतो. माझा शोध तिथंच संपला. आणि बाईंना स्वतःला काय ऐकू यायचं? ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी तेच ऐकलं असतं, हे त्यांना ठाऊक असावं.

मग त्यांनी पेटीत तनीस भरली. तनीस म्हणजे धानाचा पेंढा, तो तिकडे कुठंही मिळतो. आवाज जरा गोळा झाला, पण आठवड्याभरात पेटीतून खुडखुड यायला लागली. रेडिओवाला म्हणाला, वायर सुटली. वायर नव्हती, उंदीर होता. त्यानं आत संसार थाटला होता. बाईंनी पिल्लांसकट तो सगळा संसार एका टोपलीत घालून दवाखान्यामागच्या बांधावर नेऊन ठेवला. मी म्हटलं, "बाई, आपणच गावभर उंदीर मारायचं औषध वाटतो." त्या म्हणाल्या, "बाळंतीन हाय ते."

त्यानंतर बाईंनी नळीनं पेटीची रीतसर तपासणी केली. गाणं लावून प्रत्येक फळीवर, कडेला, मधोमध, कोपऱ्यात नळी ठेवली आणि निदान सांगितलं. "काठ नाही हालत. पोट हालते याचं." फळीचा मधला भाग आतबाहेर होत होता. सुतारानं आतून या फळीपासून त्या फळीपर्यंत एक जाड आडवी लाकडी पट्टी ठोकली, स्क्रू मारले, सरस लावला. एकदम फरक पडला. पण मागची फळी अजून गुरगुरत होती, आणि घरघरीत ते एक अक्षर अजून बुडालेलंच होतं.

आता तुम्ही तिकडच्या झाडीपट्टीतली घरं पाहिली असतील तर ठाऊक असेल. बोडीतली, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यातली चिकण माती, त्यात धानाचा कोंडा, शेण, सगळं पायांनी मळून भिंतीला थापतात. उन्हाळ्यात घर थंड राहतं आणि शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकू येत नाही. बाईंच्या मनात आलं, पेटीचीही भिंतच की. एका रविवारी मी पाहिलं तर बाई अंगणात बसल्या होत्या, पातळाचा ओचा खोचलेला, हात कोपरापर्यंत मातीत, आणि पेटी आडवी पाडून तिला आतून लिंपत होत्या. तोंडानं तिच्याशी बोलत होत्या. मला वाटलं, झालं, बाईंचं डोकं फिरलं. मी तिथंच उभा राहिलो आणि विचारलं, "चहा घेणार का?"

"हात कोठी रिकामे हाय माहे," त्या म्हणाल्या.

चूक एकच झाली. कोंडा चाळलेला नव्हता आणि दिवस पावसाचे होते. माती काही नीट सुकेना. सुकेल सुकेल म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो आणि एक दिवस स्पीकरच्या कडेतून हिरवी पाती बाहेर आली. कोंड्यात राहिलेले धानाचे दाणे उगवले होते. पेटीला धान आलं, ही बातमी बाजारात कोणी नेली देव जाणे, पण दवाखान्यात त्या दिवशी आजारी नसलेलीच माणसं जास्त होती. सुतार पोट धरून हसला. रेडिओवाल्यानं स्पीकर काढून घेतला, ओल लागून जाईल म्हणून. आणि बाई? मला वाटलं, त्या रडतील. त्यांनी ती पाती उपटू दिली नाहीत. "उगवलं ते उगवलं," म्हणाल्या, आणि खिडकीत पेटी ठेवून तिला उजेड दिला. मी हे सगळं पाहत होतो आणि मला धड हसूही येत नव्हतं. एका माणसाचं एक अक्षर ऐकण्यासाठी पेटीत शेत उगवलं आहे आणि जिला ते ऐकायचं आहे तीच शेताला पाणी घालते आहे, यावर काय म्हणायचं असतं?

उन्हाळा आला. तिकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, गच्चीवर ठेवलेला पापड वाळायच्या आधी भाजून निघतो. बाईंनी पहिली माती काढून टाकली, नवा कोंडा चाळून घेतला, पातळ पातळ थर दिले, आणि एक थर वाळल्याशिवाय दुसरा लावला नाही. पेटी अंगणात ठेवायच्या आणि ऊन सरकलं की पेटी सरकवायच्या. मातीला भेग पडली तर तिथं पुन्हा बोट फिरवायच्या. दरम्यान डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं होतं, पावसाळ्याआधी हो किंवा नाही. तेवढे दिवस मी माझ्या औषधांच्या मात्रा दोनदोनदा तपासत होतो, इतकं माझं लक्ष त्या अंगणात असायचं.

पेटी तयार झाली तेव्हा ती उचलायला मी, सुतार आणि रेडिओवाला, तिघंही लागलो. आत आणून ठेवली. दुपारची वेळ होती, दारंखिडक्या उन्हामुळे लावलेल्या. रेडिओवाल्यानं स्पीकर बसवला. बाईंनी गाणं लावलं आणि नळी लावली. पोटावर, कडेला, मागं. त्यांनी मान वर केली आणि नळी मला दिली. मीही ऐकलं. थरथर अजिबात नव्हती. सुतारानं पेटीवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाला, "मेली जी पेटी."

खट्ट झालं. घरघर आली, पण आता ती घरघर नव्हती. ते ट्रकचं इंजिन होतं, उभ्या गाडीचं, चालू ठेवलेलं. त्यामागं भांडी वाजत होती, कोणीतरी हिंदीत रोटी मागत होतं. आणि तो माणूस जणू आमच्यात, त्या अंधाऱ्या खोलीत बसून बोलला.

"बाई, मी जेवून राहिलो. फिकर नोको करू."

खट्ट. गाणं सुरू झालं. कोणीही ते बंद केलं नाही.

जे. जा नव्हे, ये नव्हे. जेवून. सुताराला जो ज ऐकू येत होता तो होता, आणि रेडिओवाल्याला जी मात्रा ऐकू येत होती तीही होती. दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना भांडायला काही नव्हतं. मला तर आधी हसूच आलं. एवढं सगळं केलं, आणि काय, तर जेवतोय.

"म्हणजे धाब्यावर जेवत होता," मी म्हटलं. "कोणीतरी टेप पुढं केला, आणि बोलला. जेवता जेवता."

बाईंनी तोंडावर पदर घेतला होता. त्या हसताहेत असंच मला वाटलं, कारण खांदे हलत होते. मग त्या खाली बसल्या, पेटीला टेकून.

"ताटावरून उठून गेला होता थो," त्या म्हणाल्या. "भरल्या ताटावरून. मीच म्हटलं होतं. माह्या जिवावर जेवून राहिला तू, म्हटलं. वरनात हात होता त्याचा. धुतला बी नाही, तसाच गेला."

सुतार दार उघडून बाहेर गेला, त्याच्यामागं रेडिओवाला.

मी तिथंच राहिलो, कारण मला कुठं जावं ते कळेना. माझ्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. हे त्यानं कशासाठी सांगितलं असेल? तुझ्या घासावाचून माझं अडलेलं नाही, मी माझ्या जिवावर जेवतोय, असं? की बाई, मी उपाशी नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस, असं? की यातलं काहीच नाही, समोर ताट होतं म्हणून बोलला, असं? तो 'फिकर नोको करू' प्रेमाचा होता की टोचून बोलण्याचा? पेटी गप्प झाली होती, शब्द उन्हासारखा लख्ख होता, आणि मला आधीपेक्षाही कमी कळत होतं. आज इतक्या वर्षांनीही मी ते वाक्य मनात वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहतो. प्रत्येक सुरात ते बरोबर बसतं.

बाईंनी कोणता सूर ऐकला, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या उठल्या, तोंड धुतलं, आणि विचारलं, "तुमी जेवले का, कंपाउंडरजी?" मी जेवलो होतो. तरी नाही म्हणालो. त्यांनी भात वाढला, वर वरण घातलं, आणि स्वतःलाही वाढून घेतलं. आम्ही जेवलो. मला तेव्हा बाईंबद्दल जे वाटलं ते मी माझ्या सख्ख्या बहिणीबद्दलही कधी बोलून दाखवलेलं नाही, तेव्हा इथंही नुसतं एवढंच सांगतो की मला फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना हो सांगितलं.

"म्हणजे तो येत नाही, असं धरलंत का तुम्ही?" मी विचारलं.

"तसं कोठी म्हटलं त्यानं?"

"मग येतोय?"

"तसंबी नाही म्हटलं."

"मग बाई, तुम्ही जाता कशाला?"

"उपाशी हाय असं वाटत होतं मले," त्या म्हणाल्या. "म्हनून दारात बसली होती मी."

सामान थोडंच होतं. पेटी न्यायचा प्रश्नच नव्हता, ती उचलून बसमध्ये कोण चढवणार? टेपरेकॉर्डर आणि स्पीकर, दोन्ही रेडिओवाल्याचे, त्याला परत गेले. कॅसेट मात्र त्यांनी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. बस स्टँडवर सोडायला मी गेलो, सुतार आला, माझं नुकतंच लग्न झालं होतं, तर बायकोही आली. बाई खिडकीशी बसल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तशी त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"थो आला तं," त्या म्हणाल्या.

"काय सांगू त्याला?"

"काही नोका सांगू. पयले जेवाले वाढजा. मंग पत्ता देजा."

मी हो म्हणालो. आम्ही लाखनीला होतो तोवर माझी बायको सकाळचा भात टाकताना एक मूठ जास्त टाकायची. मी कधी तिला तसं सांगितलं नव्हतं. उरलेला भात गाईला जायचा. दारात अनेक ट्रकवाले आले, कोणाला ताप, कोणाचं बोट चेंगरलेलं, आणि मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहायचो की यात बाईंचं काही दिसतं का. विचारायचो, कुठले? कोणी कोंढ्याचं नाव घेतलं नाही. बाई पुढे कुठं गेल्या, बढतीच्या जागेवरून आणखी कुठं बदली झाली, ते कळत गेलं आणि मग कळेनासं झालं.

माझीही बदली व्हायचीच होती, झाली. जागेवर नवा कंपाउंडर आला, अकोल्याकडचा, हुशार, सगळं पटापट समजून घेणारा. त्याला मी साठा दाखवला, किल्ल्या दिल्या, कुठल्या कपाटाचं दार चिकटतं ते सांगितलं. मग दारात उभं राहून म्हटलं, "आणि कधी एखादा ट्रकवाला आला सिस्टरबाईंना विचारत, तर त्याला आधी जेवायला वाढा."

"कोणत्या सिस्टरबाई?" तो म्हणाला. "कोण ट्रकवाला? आणि तो विचारेल काय?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण कुठून सुरू करावं ते मला कळेना. बाहेर रिक्षा थांबली होती, बायको सामान घेऊन बसली होती.

"काही विचारणार नाही कदाचित," मी म्हटलं. "तुम्ही फक्त वाढा."

त्याला काहीच समजलं नव्हतं. तरी तो बरं म्हणाला.